तुरा नसलेलं डाळिंब

एप्रिलातलं सोलापूरचं ऊन सकाळी आठलाच पत्रा तापवतं. त्यात पाच दिवसांनी नळ आलेला. सबिहानं घागरी, बादल्या, पिंप रांगेनं मांडलं आणि पाईप धरून उभी राहिली. पाणी झालं की कॉम्प्युटरपुढं बसायचं होतं, एका टॉवेलवाल्याची किनार अडून होती. चादरी-टॉवेलांची नक्षी काढण्यात तिची बावीस वर्षं गेली. तिच्याआधी तिचे अब्बा पीरसाब हेच काम चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून करायचे.

शेजारची नागव्वा पिशवी घेऊन आली.

"फिरदोसच्या लग्नाला महिना हाय, पर मला दम कुटला? तुज्या लेकीसाठी घेतलीय. बघ की."

तिनं चादर उलगडली. मेंदीच्या रंगावर डाळिंबाची फांदी. डाव्या कोपऱ्यातल्या एका डाळिंबाला तुराच नव्हता.

सबिहाच्या हातातला पाईप पिंपाबाहेर गेला.

ती पीरसाबची शेवटची नक्षी. तेव्हा त्यांची नजर अधू झालेली, त्या तुऱ्याची घरं रंगवायची राहून गेली. नक्षी कॉम्प्युटरवर घेताना सबिहानं चूक तशीच ठेवली. नातीच्या लग्नाला हिची एकच चादर विणायची, दुसरी नाही, असं अब्बा सांगून गेलेले. म्हणून तिनं ती कुठल्याच कारखान्याला दाखवली नव्हती. एका सीडीत होती, सीडी कपाटात.

गेल्या साली नवा कॉम्प्युटर घेतला, त्याला सीडी घालायची जागाच नव्हती. आणि तिचं जुनं नक्षीचं सॉफ्टवेअर सीडी आत असल्याशिवाय उघडायचं नाही. तेव्हा राजशेखरला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, दहा वर्षं तिला आपा म्हणणारा, ईदला शिरखुर्म्याची दुसरी वाटी हक्कानं मागणारा.

"समद्या सीड्यांच्या हुबेहूब फायली करतो, आपा. एक सॉफ्टवेअर टाकलं की कॉम्प्युटरला वाटतंय सीडी आतच हाय."

"म्हंजी खोटी सीडी?"

"खोटी म्हना. काम खरं व्हतंय की."

सीड्या तीन दिवस त्याच्या दुकानात होत्या. परत देताना त्यानं लॅपटॉपवरच्या फायली तिच्यासमोर पुसल्या. तिनं सांगितलं नसताना.

"कुटनं आणलीस?" सबिहानं विचारलं.

"कुंभारीच्या रस्त्याला नवा कारखाना झालाय न्हवं? राजशेखरच्या मेव्हण्याचा. ढीग लागल्यात तितं. का गं, आवडली न्हाय व्हय?"

"लई आवडली."

ती आत गेली, फोन लावला.

"राजशेखर, डाळिंबाची चादर बघितली."

तो म्हणाला, "सांगनारच होतो, आपा."

"माज्यासमोर पुसलंस की तू."

"लॅपटॉपवरलं पुसलं. दुकानातल्या मशीनवर एक राहिलं होतं. आता तुमी ती इकनार न्हवता. कपाटात पडून काय झालं असतं? लोकं पांघरत्यात, अब्बांचं नाव झालं."

"कुटं लिवलंय नाव?"

"आसं काय करता? फिरदोसला धा चादरी पोचवतो की. फुकट."

सबिहानं फोन ठेवला. टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. सीडीचं छोटं चित्र पडद्यावर दिसत होतं, आत काही नसताना.

"सबिहा, पाणी बारीक झालं गं," बाहेरून नागव्वा म्हणाली.

ती बाहेर आली. चादरीची घडी घातली, तो कोपरा आत जाईल अशी. खाटेवर ठेवली. पाईप उचलून पिंपात सोडला. दोन घागरी अजून रिकाम्या होत्या.