निघोज्यात मी सांगितलेला खोटा अर्थ

बावीस वर्षं मी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत अधीक्षक होतो. वसतिगृहात मुलांनी त्यांची घरची पावरी भाषा बोलायची नाही, हा नियम माझा. मराठी पक्की झाली की पोरं पुढे जातील, असं मला खरोखर वाटायचं. त्यांनी आपसात चोरून काही ठरवू नये म्हणून मी स्वतः मात्र पावरी शिकून घेतली.

बाजाराच्या दिवशी आईबाप भेटायला यायचे. भेट व्हरांड्यात, माझ्या खुर्चीसमोर. तिथेही पावरी चालायची नाही. मूल बोललं तर भेट संपली. हा नियम आईबापांना आम्ही मराठीत सांगितला होता.

आता मी रहाटणीला मुलाकडे असतो. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. चाकणला कंपनीत फिटर, राहायला निघोज्यात.

"गुरुजी, आई अंथरुणाला खिळलीय. रोज एकच काहीतरी विचारते. मला जेवणापाण्यापुरते शब्द येतात. तुम्हाला यायची ना आमची भाषा?"

तो हुशार, म्हणून सुट्टीतही मीच त्याला शिष्यवृत्तीच्या वर्गाला ठेवून घ्यायचो. पुढे आयटीआय, मग चाकण. वडील गेल्यावर आई त्याच्याकडे आली, तेव्हा दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं.

गुरुवारी त्याला सुट्टी होती, तेव्हा गेलो. त्याची बायको लातूरकडची. चहा देताना म्हणाली, "तीन वर्षं झाली गुरुजी, आमच्या घरात सासू-सुनेचं एक भांडण न्हाई बघा. भांडायचं तरी कोणत्या भाषेत?" नवरा खाली बघून हसला.

म्हातारीने मला ओळखलं नाही. मुलाकडे बघून तिने विचारलं, आणि मला पहिल्याच वेळी सगळं समजलं. ती विचारत होती, "त्या दिवशी मी एवढं चालून आले, तू एक शब्द बोलला नाहीस. तुला तिथं सोडलं म्हणून रागावला होतास का?"

मला तो दिवस आठवतो असं म्हणणं खोटं ठरेल. असे पुष्कळ दिवस होते. आई बोलत राहायची आणि मूल माझ्याकडे बघत मक्याची भाकर चावत बसायचं.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

"गावाकडे कधी नेतोस, विचारतायत," मी म्हणालो.

त्याचा चेहरा सैल झाला. "एवढंच होय! सांगा तिला, बरी झालीस की लगेच."

मी तिच्याकडे वळून पावरीत सांगितलं, तो रागावला नव्हता.

"मग बोलला का नाही?"

मुलाला प्रश्नच कळत नव्हता; याचं उत्तर त्या खोलीत फक्त मीच देऊ शकत होतो. मी म्हणालो, लहान होता. ती बराच वेळ मुलाकडे बघत राहिली. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. दोन आठवड्यांत ती गेली. अंत्यविधीला त्याने तिला गावी नेलं. आईची इच्छा पुरी केली, असं मला फोनवर सांगितलं. तेव्हाही मी गप्प बसलो.

मागच्या गुरुवारी पुन्हा निघोज्याला गेलो आणि खरं काय ते सांगितलं. नियम, व्हरांडा, तिचा प्रश्न, माझा अर्थ.

त्याची बायको म्हणाली, "मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"तुमची लाज राहिली, गुरुजी. त्या तशाच गेल्या."

मी चपला घालायला उठलो, तेव्हा तो म्हणाला, "मी रागावलो नव्हतो, हे आमच्या भाषेत कसं म्हणायचं?"

मी सांगितलं. त्याने तीनदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी माझ्यासारखंच, बाहेरच्या माणसासारखं. त्याची आई ते कसं म्हणाली असती, ते मला म्हणून दाखवता आलं नाही.