डावीकडची सीट

दोन भावांचा तो तंटा मी अजून विसरलेलो नाही. खून-दरोड्यांचे तपशील आता पुसट झालेत, पण ज्यात धड गुन्हाही दाखल झाला नाही असं हे प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. बेल्ह्याकडच्या एका गावातून एक शेतकरी तक्रार घेऊन आला. घराणं पूर्वी मेंढरं राखणारं, आता कांदा पिकवणारं. त्याचे वडील तरुणपणी मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठने मुंबई सोडून जाताना आपली परदेशी स्पोर्ट्स कार त्यांच्या नावावर करून दिली होती. वडिलांनी ती जन्मभर जपली. नुकतेच ते वारले, आणि आता त्या गाडीची डावीकडची सीट चोरीला गेली होती.

"नुसती सीट?" ठाणे अंमलदाराने हसू दाबत विचारलं.

"नुसती कशी, सायेब? तिच्याबिगर गाडीचा भाव पडतोय."

मी स्वतः पंचनाम्याला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये ती लाल, उघडी, जेमतेम दोघांची गाडी उभी होती. खरं सांगतो, बघताक्षणी माझ्या पोटात दुखलं. जन्मभर सरकारी जीप हाणणाऱ्याला असलं काही बघून दुसरं काय होणार!

वाटणीसाठी पुण्याहून एक जाणकार येऊन गाडी पाहून गेला होता. इंजिन, चासी, रंग, सीटचं कातडं, सगळं मूळचं म्हणून त्याने दोघा भावांसमोर पंचवीस लाख किंमत सांगितली. गाडी थोरल्याने, म्हणजे या तक्रारदाराने, ठेवायची आणि निम्मे पैसे धाकट्याला द्यायचे, असं घरात ठरलं. त्यानंतर सीट गेली. जाणकाराला फोन केला तर तो हळहळला. तशी सीट आता मिळायची नाही, नवी बसवली तर गाडी अस्सल राहणार नाही, तिसरा हिस्सा तरी किंमत उतरेल, असं म्हणाला.

शेडचं कुलूप शाबूत होतं. सीटचे नटबोल्ट पान्याने नीट काढून एका वाटीत ठेवले होते. बाहेरचा चोर एवढी निगुती करत नाही. शिवाय त्याने दिवे, मीटर, स्टेअरिंग उचललं असतं. काम घरातलं होतं.

आमच्या खबऱ्याने लगेच बातमी आणली. "थोरल्यानंच काढलीय, सायेब. भाव पाडायचा, म्हंजी भावाला कमी द्यायला लागंल." हिशेब पटण्यासारखा होता. पण खबऱ्या पुष्कळदा गाव जे बोलतं तेच आणून देतो, आणि गावाला हे धाकटाच सांगत फिरत होता.

दोघांना ठाण्यात बोलावून वेगवेगळं बसवलं. थोरला रडकुंडीला आलेला. धाकटा मात्र फणफणत होता. "पयल्यापासून सगळं त्यालाच, सायेब. मान त्याला, गाडी त्याला, सीटबी त्यानंच गिळली!" दोन तास उलटसुलट विचारून हाती काही लागेना.

तेव्हा मला बैलबाजार आठवला. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे जायचो. व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात, शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. या भावांनाही ती रीत ठाऊक होती. एकेकाला पुढ्यात घेतलं, मधे टॉवेल धरला आणि म्हणालो, "एक बोट पाच लाख. गाडी आज आहे तशी, सीटशिवाय, तुला घ्यायची असेल तर काय किंमत धरशील? निम्मे पैसे दुसऱ्याला द्यावे लागतील. तोंडाने बोलायचं नाही."

थोरल्याने बराच विचार करून माझी तीन बोटं दाबली. पंधरा. व्यवहाराला धरून होतं.

धाकट्याने एका दमात माझा अख्खा पंजा आवळला. पंचवीस!

मी हात सोडला नाही. मोडक्या गाडीला पुरा भाव कोण देतो? ती मोडकी नाही, हे ज्याला माहीत आहे तोच.

"सीट कुठाय?" मी विचारलं.

त्याची मान खाली गेली. "कांद्याच्या चाळीत."

"आणि निम्मे पैसे कुठून देणार होतास?"

"रान इकलं असतं. पर गाडी त्याला मिळू दिली नसती."

मेंढरं गेली आणि आता रानही जाणार होतं, कशासाठी, तर भावाला मिळू नये म्हणून!

कांदा साठवायच्या त्या चाळीत सीट घोंगडीत गुंडाळलेली होती, ओरखडाही नव्हता. ती पाहताच थोरला भावावर धावून गेला. शिपायाने त्याला धरलं.

"का केलंस रं? मी तुझं काय घ्येतलं व्हतं?"

"ही जागा!" धाकटा ओरडला. "दोनच माणसांची गाडी. आबांशेजारी जल्मभर तूच बसला. मी मेंढरामागं. एक डाव बी मला बसवलं न्हाई."

थोरला खाली बसला. "बसून काय मिळालं रं? गाडीत आबा तोंडातून शबुद काढत नव्हतं. सारं ध्यान इंजिनाकडं. आन् रानात तुझ्यासंगं दिवसभर बोलायचं. मी लांबनं बघायचो. लई जळायचो तुझ्यावर."

धाकटा भावाकडे न बघता म्हणाला, "आबा तुझंच कवतिक करायचं, दादा. दिवसभर."

थोरल्याने तक्रार अर्ज तिथेच मागे घेतला. वडिलार्जित गाडीवर दोघांचाही हक्क, त्यामुळे मीही ताणलं नाही. पुढे सीट बसवून, पुऱ्या पंचवीस लाखांवर वाटणी झाली, असं कानावर आलं.

तोवर तपासात माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: कोणाला काय मिळालं? त्या दिवसापासून मी दुसराही विचारू लागलो: दुसऱ्याला काय मिळालं, असं याला वाटतंय? बहुतेक वेळा ते दुसऱ्याला मिळालेलंच नसायचं.