अर्धा चमचा रक्त आणि वलगावची जीप

सहाव्या महिन्यात माझ्या हिरड्यांतून अर्धा चमचा रक्त आलं आणि ते भरून काढायला माझ्या माहेरून, वलगावहून पाच धडधाकट गडी आले.

तशा हिरड्या बरेच दिवस सुजलेल्या होत्या. ब्रश केला की फेस गुलाबी! सासर अकोल्याचं. सासूबाईंना म्हटलं, "आई, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते."

"पोटुशीच्या दाताले हात लावत नसतात!" त्यांनी निकाल दिला. "एका लेकरामागं एक दात जातेच. माहे तीन लेकरं. हे पाह्य!" आणि तोंड उघडून तिन्ही खिंडारं दाखवली. (पुरावा सज्जड होता. डॉक्टर राहून गेला.)

भाकर चावली जाईना. दुधात कुस्करून खाऊ लागले, तर आई खूश. म्हणे, डोहाळे!

एका सकाळी न्हाणीत मिठाच्या पाण्याची चूळ टाकली, तर लालभडक! पांढऱ्या फरशीवर अर्धा चमचा रक्तसुद्धा खून पडल्यासारखं दिसतं. मी घाबरून पुन्हा तोंडभर पाणी घेतलं आणि नेमक्या आई डोकावल्या.

"माय वो! रक्त! पोरी, काय झालं?"

"म्म्म!" मी म्हणाले.

"कवापासून?"

"म्म्म्म!" बाजूला व्हा, मला थुंकायचंय, अशी मी खाली बोट दाखवून खूण केली. आईंना वाटलं, पोटाकडे दाखवते! त्यांनी मला असं काही कवटाळलं की चूळ सरळ घशात. मग ठसका, आणि ठसक्यात आवाज गेला.

"बोलू नोको! जोर लावू नोको!" म्हणत त्यांनी फोन लावलासुद्धा. नवरा अमरावतीला ऑफिसात. "नितीन, वैशालीले रक्त जाऊन राहिलं!" पुढचा फोन वलगावला, माझ्या बाबांना. तिसऱ्याची गरजच पडली नाही. आईंच्या आवाजाने गल्ली जमली होती.

शेजारच्या रशीदभाईंनी ऑटो काढला. "भाभी, फिकर नका करू. एक खड्डा लागू देणार नाही!" (अकोल्यात खड्डे चुकवायचे म्हणजे ऑटो रस्त्यावर कमी आणि दुकानांच्या पायऱ्यांवर जास्त.)

"अहो आई, ते रक्त..."

"चूप! बोलू नोको म्हटलं ना!" त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. डोळे मिटून त्या पुटपुटत होत्या, "देवा, लेकरू सांभाळ, पोरगी सांभाळ." ते पाहून मलाच धडकी भरली. सकाळपासून बाळ हललं होतं का? आठवेना! दवाखाना येईपर्यंत मी पोट चाचपत राहिले.

"रक्त कुठून जातंय?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"दातातून," मी म्हणाले.

आईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे.

"म्हंजे खालून नाही?" आई.

"नाही हो, वरून!"

नर्स हसता हसता भिंतीला टेकली. मॅडमनी मात्र आधी बाळाचे ठोके ऐकवले. धकधक धकधक, एकदम ठणठणीत! आई तिथेच स्टुलावर बसून रडल्या. मग मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "हसण्यावारी नेऊ नका. गरोदरपणात हार्मोन्स बदलतात, हिरड्या सुजतात. दुर्लक्ष केलं की जंतू आत घर करतात. असा आजार असणाऱ्या बायकांत दिवस भरायच्या आधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, असं जास्त दिसतं. आजच दातांच्या डॉक्टरकडे जा. या महिन्यांत सफाई करायला काही धोका नाही."

"म्हंजे लेकरामागं दात जाणं ठरलेलं नसते?"

"नाही, काकू."

"मंग माहे तीन काहून गेले?" आईंनी असं विचारलं, जणू मॅडमनीच ते नेले होते.

दुपारी मी दातांच्या खुर्चीत आ वासून पडले होते. यंत्र घुर्रघुर्र करत होतं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. फोन करून खरं कळवायचं आम्ही विसरलोच होतो, आणि मंडळी दवाखान्यातून पत्ता घेऊन थेट इथे! पुढे बाबा, मागे पांढराफटक नितीन, त्याच्यामागे बाह्या सरसावलेले पाच गडी!

"बाई, रक्त लागून राहिलं ना?" त्यांतल्या दांडग्याने दंड पुढे केला. "माह्यं काढा आधी!"

दातांच्या मॅडमनी त्याचा दंड पाहिला. मग सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन रंगलेले दात पाहिले. "रक्त राहू द्या. इकडे या, तोंड उघडा."

वाघासारखे आलेले पाचही गडी उलट्या पावली वलगावच्या जीपमध्ये जाऊन बसले. शेवटी चहा तिकडेच पाठवावा लागला.

पंधरवड्यात सूज उतरली. मी कडक भाकर मिरचीच्या ठेच्याशी कुरकुर चावू लागले. आई रोज सकाळी न्हाणीच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज काय रंग?" मी ओरडायचे, "पांढरा!" आणि दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, आणि आवाज थेट आजीचा!

बारशाला दातांच्या मॅडमही आल्या. झबली, खुळखुळे, चांदीचं वाळं अशा भेटींच्या ढिगात त्यांचाही छोटा डबा होता. मी सगळ्यांसमोर मोठ्या कौतुकाने उघडला, तर आत दात घासायचा मऊ ब्रश!

"अहो मॅडम," मी खो खो हसत सुटले, "तिला दात कुठे आहेत अजून?"

"तिच्यासाठी नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यासाठी आहे. बाळंतपणानंतर दाखवायला या म्हटलं होतं. आलात?"

अख्ख्या बारशात बाळाला सोडून बाळाच्या आईसाठी आलेली ती एकमेव भेट! मी मुकाट्याने घेतली, आणि तोंड बंद ठेवून गोड हसले.