गोलकीपरची नजर

पूर्णा स्टेशनसमोर त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत हा काउंटरवर वस्तू काढून ठेवतो. बिजागरी मागायला आलेल्यापुढं बिजागरी, तोटी हवी असेल त्याच्यापुढं तोटी. लोक हसतात. मला काही हसू येत नाही.

गोव्याच्या एका क्लबात तो पगारी गोलकीपर होता. सत्ताविसाव्या वर्षी, ऐन भरात, सोडून आला. का, ते मी एकदाच विचारलं. खिळे निवडत तो बोलला.

"सर, बॉल कुठं येणार ते मला आदीच दिसायचं. लय भारी वाटायचं. मग एका म्याचला बॉल दिसलाच न्हाई. समोरून त्यांचा फॉरवर्ड एकटाच पळत यायलता, त्याचा पाय मोडलेला दिसला. मी थांबायला पाहिजे होतं. पर गोल वाचवायचा म्हणून झेपावलो. पाय मोडला, दिसला तसाच. मी संध्याकाळी ब्याग भरली."

एरवी मी दुकानातून निघताना तो मान वर न करता "या सर" म्हणतो, एवढंच. काल मी झरीला जायला मोटारसायकल चालू केली, तर तो काउंटर सोडून बाहेर आला, चावी काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"बसा सर. चहा घेऊ."

चार वर्षांत त्यानं मला कधी चहा विचारला नव्हता. मी बसलो. चहा आला, गार झाला. तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. तो माझ्या उजव्या गुडघ्याकडं बघत होता.