भुरीचं ताट वेगळं केलं तेव्हा

हे मी अजून कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यालाही माहीत नाही, माहेरी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित जीभ सैल होतेय.

मांजराची गोष्ट आहे. हसू नका. मीही आधी तसंच धरून चालले होते, की मांजराचीच तर आहे.

आसेगावला आमच्या घरी भुरी नावाची मांजर होती, सासूबाईंनी पाळलेली. त्या गेल्यावर ती मामाजींच्या — म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या — मागेमागे फिरायला लागली. मामाजी लाइनमन होते, आता निवृत्त. जेमतेम बोलणारा माणूस. संध्याकाळची बुद्धवंदना झाली की आम्ही जेवायला बसायचो, आणि भुरी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची. ते ताटाच्या कडेला दुधात भाकर कुस्करून ठेवायचे. ती एका बाजूनं खायची, हे दुसऱ्या बाजूनं. ताट एकच! आणि ते घासायचे मी.

मला किळस यायची, सरळच सांगते. ते दृश्य समोर असलं की घास घशाखाली उतरायचा नाही. पण बायको गेलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की मांजराला ताटावरून उठवा? माझा धीर झाला नाही.

मी मंगरूळपीरला एका मेडिकलवर काम करते. घरात औषधपाण्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. त्या दिवसांत आमची लेक मैत्री नुकती रांगायला लागली होती आणि सर्दीनं तिची छाती घरघरत होती. वाशिमला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सर्दीचं औषध दिलं, बस. मांजराचं नावसुद्धा काढलं नाही. आणि मी घरी येऊन म्हटलं — डॉक्टर म्हणतात, मांजराच्या केसांनी पोरीचा दम कोंडतो. तिला जेवणाच्या जागेपासून लांब ठेवा.

किती सहज निघालं तोंडातून! मला वाटलं मामाजी चिडतील, निदान दोन प्रश्न विचारतील. ते एवढंच म्हणाले, "लेकराले लय तरास होते का वं?"

मी मान डोलावली.

मग मी ऑनलाइन ते यंत्र मागवलं — वेळ लावून ठेवली की खर्रकन आवाज करत वाटीत दाणे पाडणारं. मागच्या पडवीत ठेवलं. मोठ्या वयाचं मांजर नव्या वस्तूला लवकर धजत नाही. आधी यंत्र बंद ठेवायचं, तिची नेहमीची भाकर शेजारी ठेवायची, हुंगू द्यायचं, मग थोडेथोडे दाणे वाढवायचे. हे सगळं मी मोबाइलवर पाहून मामाजींना समजावलं. मोठ्या शहाणपणानं! भुरी मात्र यंत्र वाजलं की शेपटी फुगवून भिंतीवर. त्या वाटीत ती काही केल्या तोंड घालेना.

एकदा वीज गेली म्हणून दुकान लवकर बंद झालं आणि मी दुपारीच घरी आले. पडवीत कुणीतरी बोलत होतं. डोकावून पाहिलं — मामाजी त्या यंत्रापुढे दोन्ही हात टेकून ओणवे झाले होते. त्यांनी वाटीतला एक दाणा उचलला. तोंडात टाकला. कडकड चावला.

"हे पाय, भुरे. मी खाऊन राह्यलो ना? खाय तूबी. आपल्यापाई लेकराचा दम कोंडते."

तो मांजराचा खाऊ होता हो — मासळीचा वास मारणारा! आणि आपल्यापाई? मी त्यांच्याबद्दल तर काहीच म्हटलं नव्हतं. तेव्हाच आत जाऊन सांगता आलं असतं. सांगितलं का? मी पाय न वाजवता मागं फिरले आणि पुढच्या दारानं, जणू आत्ताच आले अशी, घरात शिरले.

भुरी शिकली. तिनं दुसरं काय करायचं होतं? आणि मामाजी जेवायला एकटे बसायला लागले, ताट घेऊन कोपऱ्यात. मला भुरी ताटापासून लांब हवी होती — खरंच एवढंच. पण ते तिथं थांबलं नाही. मैत्री रांगत त्यांच्याकडे गेली की ते दोन्ही हात वर करायचे. "घे वं प्रज्ञा हिले, माह्या अंगावर केस असतीन." आधी आंघोळ, धुतलेला सदरा, मग तिला घटकाभर घ्यायचे. पुढं पुढं तेही बंद झालं. नात अंगणात खेळायची आणि आजोबा ओसरीवरून बघायचे.

एका वाक्याचं काम होतं. खरं नको, दुसरं खोटं चाललं असतं — डॉक्टर म्हणाले, आता काही भीती नाही. तेही मी बोलले नाही. ते डॉक्टरांना विचारायला जातील, या भीतीनं. आणि रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी हात जोडून मी पंचशील म्हणते, खोटं न बोलण्याचं शीलही त्यात येतं. माझा आवाज तिथं अडखळत नाही. याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसतो.

गेल्या वर्षी भुरी म्हातारी होऊन गेली. मैत्री आता शाळेत जाते. परवा दुपारी ती उशी घेऊन मामाजींच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "आबा, मी तुमच्यापाशी झोपते."

मामाजी ताडकन उठले. चादर झटकली. पुन्हा झटकली, उजेडाकडे धरून पाहिली. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले.

"गादीत अजून केस असतीन का वं? तू सांग. झोपू देऊ का हिले?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मामाजींच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी कधी पाहिली नव्हती.

मी म्हटलं — नको.

मैत्रीनं उशी उचलली. मामाजींनी गादी गुंडाळली आणि खांद्यावर टाकून उन्हात घालायला घेऊन गेले.