डॉक्टर अप्पांची चुकलेली वही

डॉक्टर अप्पा हिरेमठ गेल्याचं मला शाळेत कळलं. आठवीचा तास चालू होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि हेडमास्तरांनी बोलावलंय म्हणाला. परत वर्गात आलो तेव्हा फळ्यावर अर्धवट राहिलेल्या वाक्यात पुढं काय होतं, ते काही केल्या आठवेना. न्यूमोनियानं चार दिवसांत माणूस नेला. त्याला आता महिना होऊन गेला... जाण्याच्या आदल्याच आठवड्यात ते माझ्या ओसरीवर चहा पीत बसले होते आणि समोर बांधलेल्या शेळीकडे टक लावून बघत होते. "मास्तर, शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का असते हो?" मी विज्ञान शिकवतो, तेव्हा मला हे माहीत असणारच, अशी त्यांची समजूत. मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं, आणि याचाच त्यांना कोण आनंद झाला होता! चहा निवून गेला तरी ते शेळीपुढं उकिडवे बसून एकदा उन्हातून, एकदा सावलीतून तिच्या डोळ्यात बघत राहिले.

सोलापुरात विणकरांच्या वस्तीत त्यांचा दवाखाना होता. ताप, खोकला, गळवं, बाळंतपणं, सगळंच बघत. पण जीव डोळ्यांत. मुंबईला सहा महिने राहून डोळ्यांचं काम शिकून आले होते आणि तिथून काचबिंदूचं वेड घेऊन आले. मोतीबिंदू आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतो. बुबुळामागं पांढरं दिसतं, सगळं घर सांगू लागतं. काचबिंदूचं तसं नाही. बहुतेकदा डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आतल्या आत ताण वाढतो आणि नजर कडेकडेनं झिजत येते. समोरचं मात्र शेवटपर्यंत दिसत राहतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. "मग रोग्याला कडेला अंधार दिसत असेल की," असं मी एकदा म्हणालो. त्यांनी उलट विचारलं, "तुमच्या पाठीमागं आत्ता काय दिसतंय? अंधार दिसतोय का?" मी विचार केला. अंधार नव्हता. काहीच नव्हतं. "हां! तस्संच होतं त्यांना. नसलेलं दिसत नाही, मास्तर. म्हणून तर ते येतच नाहीत माझ्याकडे."

येत नाहीत, तर आपणच जायचं, असं त्यांनी ठरवलं. कडेची नजर मोजायचं यंत्र परदेशी, घ्यायची ऐपत नव्हती. एके दिवशी मल्लय्या नावाच्या विणकराच्या घरी तापाचा रोगी बघायला गेले असताना त्यांना त्याचा हातमागच यंत्र वाटू लागला. समोर कापडाचा सरळ पट्टा, त्यावरून आडवा दोरा घेऊन डावीकडून उजवीकडे जाणारा लाकडी धोटा, आणि मधोमध बसलेला माणूस! कापडाच्या मध्यावर लाल दोरा बांधायचा, विणकरानं एक डोळा झाकून दुसऱ्यानं त्या दोऱ्याकडेच बघायचं. कडेनं धोटा सावकाश आत सरकवायचा आणि "आला की सांग" म्हणायचं. तो "हां" म्हणाला की कापडालगत लावलेल्या मोजपट्टीवरची खूण बघून वहीत लिहायचं. धोटा सरकवायचं काम माझ्याकडे. दर रविवारी सकाळी आम्ही एकेका घरात शिरायचो. बायका तेलुगूतून काहीतरी बोलून हसायच्या, अप्पा कानडीतून उत्तर द्यायचे, आणि दोन्ही बाजूंना काही न कळता गोडीत चालायचं.

दोन वर्षं हे चाललं आणि वहीतून एक नवलच बाहेर आलं. विणकरांची कडेची नजर, तुलनेसाठी मागाशी बसवलेल्या आमच्या शाळेतल्या तरण्या पोरांपेक्षाही चांगली निघाली. म्हातारे म्हातारे विणकर धोटा काठाशी असतानाच "हां" म्हणत. अप्पा हरखून गेले. जन्मभर दोन्ही काठांवर लक्ष ठेवून यांची नजर रुंद होत असली पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर त्यांनी लांबलचक निबंध लिहिला, मी त्यातलं इंग्रजी नीट केलं आणि मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकानं तो स्वीकारला. आम्ही दोघं तेव्हा चांगलेच फुगलो होतो. मल्लय्याची बायको त्या सुमारास दोनदा दवाखान्यात येऊन सांगून गेली की घरधनी चालताना तांब्याला लाथ मारतो, दाराच्या चौकटीला खांदा घासतो. अप्पांनी वही काढून बघितली. मल्लय्यापुढं 'उत्तम' लिहिलं होतं. "वय झालं, दुसरं काही नाही," म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं.

मग एका रविवारी मला थट्टा सुचली. मल्लय्याच्याच मागाशी बसलो होतो. मी म्हणालो, "डॉक्टर, हे लोक इतके हुशार आहेत की डोळे बांधले तरी सांगतील." अप्पा हसले... आणि मग हसायचे थांबले. त्यांनी गळ्यातलं उपरणं काढून मल्लय्याच्या दोन्ही डोळ्यांवर बांधलं आणि मला मानेनं खूण केली. मी धोटा सरकवला. "हां," मल्लय्या म्हणाला. पूर्वीच्याच खुणेवर, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. दुसऱ्या बाजूनं सरकवला. "हां." अप्पांनी उपरणं सोडलं. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "मल्लय्या, तुला दिसत नव्हतं, तरी सांगितलंस कसं?"

"कापडावर हात हाय, हाताला कळतंय की. दोरा हलतोय, लाकूड वाजतंय."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी इचारलं, धोटा कवा आला. मी सांगितलं. दिसला का, असं कुटं इचारलं?"

त्याची काहीच चूक नव्हती. अप्पांनी तिथंच त्याला उजेडात बसवलं आणि नाकासमोर बघायला सांगून आपलं बोट कडेनं आणलं, बिनआवाजी. डाव्या डोळ्याला ते अगदी समोर येईपर्यंत दिसलं नाही. उजव्याचीही एक बाजू गेली होती. ज्या माणसाला आम्ही 'उत्तम' म्हणून लिहून दिलं होतं तो दोन वर्षं आमच्यादेखत आंधळा होत चालला होता, आणि धोटा सरकवणारा मी होतो. 

त्याच दिवशी अप्पांनी मासिकाला पत्र लिहिलं, निबंध छापू नका, सगळा चूक आहे. मी म्हणालो, नुसतं परत मागवा, कारण कशाला सांगता? ते माझ्यावर असे भडकले की तसे आधी कधी भडकले नव्हते आणि नंतरही नाही. मल्लय्याला घेऊन ते स्वतः मुंबईला गेले. शस्त्रक्रियेनं आणि रोजच्या थेंबांनी उजवा डोळा राहिला. डावा गेला तो गेलाच. मल्लय्यानं त्यांना एका शब्दानंही दोष दिला नाही. परत आल्यावर त्यानं अप्पांना मागावर एक काळंभोर कापड विणून दिलं. ते भिंतीला लावून, छत्रीच्या काडीला पांढरा मणी बांधून, अप्पा नवी तपासणी करू लागले. चपला बाहेर, हातातलं कडं काढलेलं, घड्याळसुद्धा दुसऱ्या खोलीत. आणि प्रश्न एकच, "दिसला का?"

पण खरं काम पुढं होतं. वहीत ज्यांच्यापुढं 'उत्तम' किंवा 'चांगली' लिहिलं होतं, त्या प्रत्येकाला गाठून नव्यानं तपासायचं. कुणी गिरणीत लागलेलं, कुणी दुसऱ्या पेठेत गेलेलं, कुणी गावच सोडलेलं. अप्पा सगळ्यांच्या मागावर राहिले. रविवारी मणी आणि कापड माझ्या पिशवीत असायचं. बहुतेकांचे डोळे खरोखरच चांगले निघाले. काहींचे नाही. त्यांना औषध सुरू करताना अप्पा आधी सांगत, मागच्या वेळी मी चुकलो होतो. हे ऐकून लोक अवघडून जात. डॉक्टरनं असं बोलायची कुणाला सवय नव्हती.

तेरावा झाल्यावर वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. प्रत्येक जुन्या नोंदीवर आडवी रेघ होती, खोडलेलं नव्हतं, वाचता यावं इतकी बारीक रेघ, आणि खाली नवी नोंद. एकच नाव तसंच राहिलं होतं. नरसय्या, नजर उत्तम. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलेलं, 'होटगी, मुलगा रेल्वेत. जायचं.'

मागच्या रविवारी मी गेलो. रेल्वेच्या चाळीत नरसय्या बाजेवर बसला होता. मी त्याच्या डाव्या अंगानं आत शिरलो, जवळ जाऊन उभा राहिलो, तरी त्याला पत्ता नव्हता. समोर आलो तेव्हा लगेच ओळखलं. अप्पा गेल्याचं सांगितलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "देवमानूस हो," म्हणाला. मी डोळे तपासायला आलोय, असं सांगितल्यावर मात्र तो हसला.

"माजे डोळे? ते डॉक्टरांनी बगितलेत की. लई चांगले हायत म्हनाले. वहीत लिवून घेतलंय. तुमीच धोटा सरकवत हुता न्हवं का?"

क्षणभर वाटलं, चहा घ्यावा आणि गाडी पकडावी. गेलेल्या मित्राचं नाव एका घरात तरी निर्मळ राहू दे. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला माझ्याशेजारी चहा घेऊन उभी असलेली त्याची सून दिसत नव्हती.

"नरसय्या," मी म्हणालो, "तेव्हा डॉक्टर चुकले होते."

त्याचा चेहरा कडक झाला. "मानूस गेल्यावर असं बोलावं व्हय, मास्तर? कुनी सांगितलं तुमाला?"

"डॉक्टरांनीच."

मी पिशवीतून काळं कापड काढलं. त्यानं सुनेला भिंतीवरचे कपडे काढायला लावले, बाजेवरच सरळ बसला, तळव्यानं एक डोळा झाकला आणि म्हणाला, "बगा मग."