जीप कोणत्या बाजूले हलवली?

मुर्रीत कोणालेही विचारा, देवीदास रहांगडाले कोण, तर पहिले हसतील अन् मग म्हणतील, तो रणगाडेवाला. धंद्यानं तो राईस मिलमधे फिटर. ऐन हंगामात मशीन बंद पडली, बाहेर धानाचे ट्रॅक्टर लाईन लावून उभे, अन् हा पाना हातात घेऊन मालकाले सांगून राहिला की स्टालिनग्राडच्या कारखान्यातून रणगाडे थेट लढाईवर जात होते, रंग लावाले बी वेळ नव्हता. मालक म्हणाला, तुले रंग लावाले कोणी सांगितलं बे, पट्टा बसव.

मी चंद्रकुमार. मुर्रीच्या नाक्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. आमचं एक मंडळ आहे, युद्ध इतिहास अभ्यासक मंडळ. फोनवरच्या ग्रुपात एकेचाळीस मेंबर, अन् रविवारी खरोखर येणारे पाच. या पाचांतल्या एकानंही दिवाळीच्या टिकल्यावाल्या बंदुकीपेक्षा मोठं हत्यार हातात धरलं नाही. मले स्वतःले लढाईतलं काय कळते? मी पँटचं माप घेतो. पण रविवारी माह्या दुकानातले बाक रिकामे राहतात, म्हणून बैठक माह्याकडं, अन् बैठक माह्याकडं म्हणून मी बी अभ्यासक.

मंडळाचा नियम एकच, अन् तो देवीदासनं केलेला. कोणी चुकीचं बोललं तर तिथंच टोकायचं, सगळ्यांसमोर. अन् टोकताना पुरावा द्यायचा, पुस्तकाचं नाव अन् पान नंबर. अंदाजे बोललेलं त्याले चालतच नसे. पाच हजार म्हटलं की तो विचारे, पाच हजार की पाच हजार दोनशे?

बरं, हा नियम त्यानं मंडळापुरता ठेवला असता तर ठीक. एकदा शाळेच्या गॅदरिंगले पोरांनी बासष्टच्या लढाईचं नाटक बसवलं होतं. शिपाई मरून राहिला, बाया पदरानं डोळे पुसून राहिल्या, अन् हा उठून उभा. म्हणे, ही बंदूक बासष्टमधे आपल्याकडं नव्हतीच, थ्री नॉट थ्री पाहिजे. मेलेला पोरगा उठून बसला अन् हातातली प्लॅस्टिकची बंदूक उलटी-पालटी करून पाहाले लागला. लग्नाची तारीख याच्या ध्यानात आहे ती आठ मे, जर्मनी शरण आलं म्हणून. त्याची बायको अल्कावहिनी म्हणते, हिटलर आठ दिवस अजून टिकला असता तर या माणसाले माह्या लग्नाचा पत्ताच लागला नसता.

तर मागच्या सोळा डिसेंबरले आम्ही विजय दिवसाचा कार्यक्रम ठेवला. मोबाईलचं दुकान चालवणारा आमचा स्वप्निल म्हणाला, पुस्तकातलं पुरे झालं, एखादा खरा फौजी आणू. खरा फौजी म्हणजे कामठ्याचे केशोराव गजभिये. एकाहत्तरच्या लढाईत जीपचे ड्रायव्हर होते. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. पंच्याहत्तरी गाठली तरी रोज दाढी, कडक इस्त्री, अन् दर सव्वीस जानेवारीले गावच्या शाळेत त्यांची गोष्ट ठरलेली. कामठ्याची दोन पिढ्यांची पोरं ती गोष्ट ऐकून मोठी झाली.

त्या दिवशी माह्या दुकानासमोर सतरंजी टाकली, पन्नासेक लोक जमले. काकाजींनी गोष्ट सुरू केली. बांगलादेशचा भाग, गावाबाहेर नाला, नाल्यावर पूल. यांच्या जीपवर मोठी तोफ बसवलेली, काकाजी स्टिअरिंगवर, गुरमेल नावाचा पंजाबी तोफेवर. पहाटेच्या धुक्यातून समोर पॅटन रणगाडा आला. गुरमेलनं एकच गोळा टाकला अन् पॅटन जाग्यावर थंड. मग दोघं पुलाखाली बसून एकाच मगात चहा प्याले.

लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात देवीदास उठला. म्हणाला, काकाजी, पूर्वेकडं पॅटन नव्हतेच. तिकडं चॅफी होते, लहान, अठरा टनाचे.

काकाजी हसले अन् म्हणाले, "असंल बाप्पा. आम्ही काही त्याचं आधारकार्ड पाहिलं नाही."

सतरंजी हसून लोळली. मी तर शिलाई मशीनवर डोकं टेकवून हसलो. पण देवीदासचे कान लाल झाले. आतापर्यंत त्याच्यावर कोणी चूक काढून हसलं नव्हतं, अन् इथं तर तो बरोबर असून लोक हसून राहिले होते. तो बसला नाही. म्हणाला, ठीक आहे, रणगाडा जाऊ द्या. या तोफेतून गोळा सुटला की मागून हा एवढा जाळ निघते, धूळ उठते, दुश्मनाले जागा कळते. म्हणून गोळा सुटला की लगेच जीप हलवावी लागते. तो नियमच आहे.

"मग तुम्ही जीप कोणत्या बाजूले हलवली?"

काकाजींनी मांडीवरची टोपी सरळ केली. देवीदासनं पुन्हा विचारलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "हलली नाही."

"नाही हलली? मग तुम्ही जिवंत कसे, काकाजी?"

पुन्हा हशा झाला. खोटं कायले सांगू, मी बी हसलो. काकाजींनी मांडीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली अन् उठले. स्वप्निल मोटरसायकलनं सोडून देतो म्हणत मागं धावला, तर त्याले हातानंच नको म्हटलं अन् ऑटोत बसून निघून गेले. देवीदास मले म्हणाला, पाहिलं? पुरावा मागितला की पळते.

जानेवारीत एका दुपारी काकाजींची बायको सुलोचनाबाई माह्या दुकानात आल्या. मले वाटलं ब्लाऊज टाकाले आल्या. पण हातात काही नव्हतं. बाकावर बसल्या अन् सांगाले लागल्या. त्या दिवसापासून हे घराबाहेर निघत नाहीत. भिंतीवरचा वर्दीतला फोटो काढून पलंगाखाली सरकवला. दाढी वाढली. सव्वीस तारखेसाठी गुरुजी बोलवाले आले, तर यांनी आतूनच सांगितलं, मी काही फौजी-बिवजी नाही, दुसरा कोणी पाहा.

"मले त्या लढाईचं काही समजत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण हा माणूस ती गोष्ट सांगते म्हणून जेवते. तुमच्या त्या देवीदासले म्हणा, जे तोडलं ते येऊन जोड."

मी तसाच मिलमधे गेलो. देवीदास मशीनखाली आडवा होता. सगळं ऐकून घेतलं अन् खालूनच म्हणाला, मी चुकीचं काय बोललो? मी म्हटलं, काहीच नाही ना गा, म्हणूनच तर पंचाईत आहे. चुकीचा असतास तर माफी मागून मोकळा झाला असतास. तो बाहेर आला, चिंधीनं हात पुसले, पुसतच राहिला. मग म्हणाला, उद्या जाऊ.

स्कूटरवर मागं बसून तो कामठ्यापर्यंत माफीची प्रॅक्टिस करत होता. माफी मागणं त्याच्या खानदानात नाही. सुरुवात बरी करे, पण तिसऱ्या वाक्याले पुन्हा चॅफीवर येई. मी दोनदा गाडी थांबवून त्याले शिव्या घातल्या.

काकाजी अंगणात उन्हात खाट टाकून बसले होते. आम्हाले पाहून उठले नाहीत, हाकललंही नाही. सुलोचनाबाईंनी खुर्च्या ठेवल्या अन् आत गेल्या. देवीदासनं तोंड उघडलं तर त्याच्या प्रॅक्टिसमधलं एक अक्षर बाहेर येईना. शेवटी काकाजीच बोलले.

"तू बरोबर होता. मी नव्हतो तिथं."

त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या रात्रीपासून त्यांना हगवण लागली होती. पहाटे हुकूम आला तेव्हा हे डबा घेऊन बांबूच्या रांजीच्या आडोशाले बसलेले. वेळ नव्हता, म्हणून ट्रक चालवणाऱ्या एका नव्या पोराले जीपवर बसवलं. त्या जीपच्या रिव्हर्सले खोड होती, एका दमात पडत नसे. क्लच अर्धा सोडायचा, पुन्हा दाबायचा, तेव्हा पडे. ते फक्त काकाजींना माहीत. पोराले सांगावं असं मनात आलं, पण पोटात कळ आली अन् हे पुन्हा मागं पळाले. गोळा सुटला, रणगाडा फुटला, सगळं खरं. त्याच्या मागं दुसरा होता. जीप हलली नाही. गुरमेल गेला, पोरगाही गेला.

"मी माघारी आलो तेव्हा हातात डबा होता," काकाजी म्हणाले. "हे शाळेतल्या पोराईले कसं सांगू? म्हणून चहा पाजतो दोघाईले. दरवर्षी."

डिसेंबरात हसलो होतो त्याची लाज वाटली, अजून वाटते. देवीदास जमिनीकडं पाहत बसला होता.

मग काकाजी खाटेवरून पुढं वाकले. "तू तर सगळं वाचलं आहे ना. पन्नास वर्षं झाली, विचाराले कोणी भेटला नाही. मी असतो तर जीप निघाली असती काय?"

देवीदासनं बोटांवर काहीतरी मोजलं, डोळे मिटून पुन्हा मोजलं. मले वाटलं, आता हा खरं बोलते. त्याले दुसरं काही जमतच नाही. मी मनातल्या मनात त्याच्यापुढं हात जोडले.

"नाही," तो म्हणाला. "धूळ उठल्यापासून समोरचा गोळा येते चार सेकंदात. जीप कितीही चांगली असो, ड्रायव्हर कोणीही असो, जागा सोडाले नऊ सेकंद लागतात. तुम्ही असते तर तुम्हीही गेले असते, काकाजी. बाकी काही फरक पडला नसता."

"पक्कं?"

"पुस्तकात आहे. पान एकशे बारा."

काकाजींनी गालावरून हात फिरवला, आत पाहून बायकोले म्हणाले, पाणी गरम कर, दाढी करतो. अन् या दोघाईले चहा टाक.

निघालो तेव्हा देवीदास स्कूटरवर मागं बसला. गाव सुटलं, दोन्हीकडं धान कापलेली वावरं लागली. ही सेकंदाची गोष्ट त्यानं आमच्या कोणत्याच रविवारी सांगितली नव्हती, अन् चांगली गोष्ट लपवून ठेवणारा तो माणूस नाही. मी विचारलं, कोणतं पुस्तक गा?

"कोणतंच नाही."

"मग त्या रिव्हर्सचं काय?"

मी गाडी बाजूले घेतली अन् मागं वळून पाहिलं. चाळीस वर्षं गिअर अन् पट्टे खोलणारा हा माणूस, त्याचे डोळे भरून वाहत होते.

"निघाली असती बे," तो म्हणाला. "रिव्हर्सची खोड माहीत असणारा माणूस असता तर आरामात निघाली असती. चाल, गाडी काढ."